ओझर ते बेळगाव ४८० किमी, १ तास ६ मिनिटं : विमानाचं अंतर दाखवणाऱ्या साइटचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच देऊन टाकते. अंतरासाठी पाचपैकी पाच, वेळेसाठी दोन, आणि विमान खरंच उडतं का नाही याच्यासाठी शून्य, कारण त्या प्रश्नाला ही साइट हातच लावत नाही आणि आपल्यासारख्या छोट्या एअरपोर्टवाल्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. साइटचं नाव लिहीत नाही, अशा बऱ्याच आहेत आणि सगळ्यांचा साचा एकच आहे, दोन एअरपोर्टची नावं टाकायची, बटण दाबायचं, नकाशावर एक वाकडी रेघ येते आणि खाली किलोमीटर, मैल, नॉटिकल मैल, फ्लाइट टाइम, दिशा, दोन गावांच्या घड्याळातला फरक (नाशिक आणि बेळगावच्या घड्याळात फरक शून्य, हे पण सांगतात).

माझं माहेर बेळगाव, टिळकवाडी, आणि लग्नानंतर नाशिक, कॉलेज रोड. त्यामुळे हा रूट मला पाठ आहे, बसने, ट्रेनने, गाडीने आणि विमानाने पण. सुट्ट्या लागल्या की नातेवाईकांपैकी कोणीतरी या साइटचा स्क्रीनशॉट पाठवतंच, "अगं बघ, फक्त एक तास सहा मिनिटं, मग तुम्ही बसने का येता?" म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलं.

आधी चांगलं काय ते. अंतर एकदम बरोबर आहे, आणि मी ते डोळे झाकून नाही मानलं, दहावीतल्या पोराला घेऊन वहीवर काढून बघितलं. ओझरची, म्हणजे नाशिकच्या एअरपोर्टची, धावपट्टी साधारण २०.१२ अक्षांश आणि ७३.९१ रेखांशावर आहे, बेळगावचं सांबरा १५.८६ आणि ७४.६२ वर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जवळपास १११ किलोमीटर, म्हणजे उत्तर-दक्षिण फरक झाला ४७३ किलोमीटर. रेखांशाचा एक अंश आपल्याकडे थोडा आखूड पडतो, १०६ च्या आसपास, कारण विषुववृत्तापासून वर सरकलं की रेखांश एकमेकांच्या जवळ येत जातात, तर तो फरक झाला ७५ किलोमीटर. आता पायथागोरस लावा, ४७९ येतात. साइट म्हणते ४८०. साइटवाले पृथ्वी गोल धरून, त्रिज्या ६३७१ किलोमीटर घेऊन हॅवरसाइन नावाचं सूत्र वापरतात, पण पाचशे किलोमीटरच्या आत गोल धरा नाहीतर सपाट धरा, एखाद-दुसऱ्या किलोमीटरचाच फरक पडतो. पोराला जाम मजा आली, पुस्तकातला पायथागोरस आजोळच्या रस्त्याला लागू झाला म्हणून.

ती सरळ रेघ नकाशावर मोठी करून बघण्यासारखी आहे. ओझरहून निघाली की अकोल्यावरून जाते (नगर जिल्ह्यातलं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे), मग पुणे आणि शिरूरच्या मधून, फलटणच्या जरा पश्चिमेने, पुढे जवळजवळ इचलकरंजीच्या डोक्यावरून आणि चिकोडीच्या बाजूने सांबऱ्याला. रस्त्याने आपण सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर, निपाणी असे जातो, ते होतात साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे सरळ रेघेपेक्षा फक्त सत्तर किलोमीटर जास्त, रस्ता तसा सरळच आहे आपला, वेळ जातो तो पुण्याच्या आजूबाजूला, चाकणला आणि नवले पुलाला, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको.

एक काळजी मात्र घ्या, पिन कुठे पडलीये ते बघा. मी वापरलेल्या एका साइटवर नाशिक टाकलं की पिन गांधीनगरला पडत होती, म्हणजे नाशिकरोडच्या बाजूला आर्मी एव्हिएशनची जी धावपट्टी आहे तिथे, जिथे आर्मीचे हेलिकॉप्टर पायलट ट्रेनिंग घेतात. प्रवासी विमान तिथून सुटत नाही. ओझरपासून ते सरळ रेघेत वीस किलोमीटर लांब आहे, त्यामुळे बेळगावचं अंतर पंधरा-सोळा किलोमीटरने कमी दिसतं. आणि गुगलवर नुसतं ओझर टाकलं तर जुन्नर तालुक्यातलं विघ्नहराचं ओझर पण येतं, अष्टविनायकातलं, बाहेरगावच्या पाहुण्यांना लोकेशन पाठवताना "ओझर मिग" किंवा "नाशिक एअरपोर्ट जानोरी" असं पाठवा. टर्मिनल जानोरीच्या बाजूला आहे, दिंडोरी तालुक्यात.

आता वेळ. साइटच्या खाली बारीक अक्षरात लिहिलंय की विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरलाय आणि चढ-उताराची ३० मिनिटं वरून टाकलीत. ४८० भागिले ८०० म्हणजे ३६ मिनिटं, अधिक ३०, एक तास सहा मिनिटं. हे सगळ्या जगाला एकच माप लावलंय, दिल्ली-मुंबईला पण तेच आणि ओझर-सांबऱ्याला पण तेच.

गंमत म्हणजे बेळगावच्या बाबतीत हे उत्तर खऱ्याच्या जवळ येतं. जानेवारी २०२१ मधे स्टार एअरने नाशिक-बेळगाव विमान चालू केलं तेव्हा ते एम्ब्रेअर १४५ होतं, पन्नास सीटचं छोटं जेट, आणि जेट म्हटल्यावर आठशेचा वेग त्याला जमतो. तिकिटावर तासाभराचीच वेळ असायची. ते विमान मला फार आवडायचं, एका बाजूला एकच सीट आणि दुसऱ्या बाजूला दोन, त्यामुळे एकट्या बाईला खिडकी पण मिळते आणि शेजारी कोणी नाही, आणि ढग नसले तर जाताना खाली उजनीच्या अलीकडचा सगळा ऊस-पट्टा आणि डावी-उजवीकडे चमकणारी पाणी भरलेली शेतं दिसतात. माझ्या आईला गुडघ्यामुळे बसचा रात्रभराचा प्रवास झेपत नाही, तिच्यासाठी त्या विमानाची किंमत पैशात सांगता येणार नाही.

पण हेच माप नागपूरला लावा म्हणजे चूक कळेल. ओझर-नागपूर सरळ रेघेत ५४५ किलोमीटरच्या आसपास, साइटच्या हिशोबाने एक तास अकरा मिनिटं. मार्च २०२३ मधे इंडिगोने नाशिकहून नागपूर, गोवा, अहमदाबाद सुरू केलं ते एटीआर ७२ विमानाने, ७८ सीटचं, पंख्याचं. त्याचा वेग ताशी पाचशेच्या आसपास. म्हणजे नुसतं अंतर कापायलाच एक तास पाच मिनिटं, त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, चढणं, उतरणं, वळसा, सगळं धरलं की दीड तास आणि वरच जातो. साइटपेक्षा वीस-पंचवीस मिनिटं जास्त. मोठ्या शहरांमधे जेटच उडतं म्हणून तिथे हे माप चालून जातं, छोट्या एअरपोर्टना बऱ्याचदा एटीआर येतं आणि तिथेच ते फसतं. साइटने नुसतं एक बटण दिलं असतं, जेट का पंख्याचं, तरी काम झालं असतं, पण नाही दिलं.

आणि एटीआर म्हणजे कमी दर्जाचं असं काही नाही बरं का, काही लोक उगाच घाबरतात. छोट्या अंतराला त्याला इंधन कमी लागतं, आखूड धावपट्टी चालते, म्हणून तर छोट्या गावांना विमान परवडतं. थोडा आवाज जास्त येतो, एवढंच.

अजून एक गोष्ट जी साइटला दिसतच नाही. ओझरची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, तीन किलोमीटर लांब, एचएएल या सरकारी विमान कारखान्याची, मिग आणि सुखोई ही लढाऊ विमानं तिथेच बनली, आता तेजस पण बनतंय. बेळगावची पण जवळपास पूर्व-पश्चिमच. तुम्हाला जायचंय दक्षिणेला. म्हणजे उडताना आधी पूर्वेला नाहीतर पश्चिमेला तोंड, मग वळण, आणि उतरताना पुन्हा वळण घेऊन धावपट्टीच्या रेषेत यायचं. वाऱ्यावर अवलंबून कुठल्या बाजूने उतरायचं ते ठरतं. त्यात पुण्याचं लोहगाव हवाईदलाचं, त्याच्या आजूबाजूने ठरलेल्या वाटांनी जायचं, सरळ रेघेत कोणी जाऊ देत नाही. त्यामुळे ४८० किलोमीटर हे धावपट्टी ते धावपट्टी अंतर झालं, विमान प्रत्यक्ष त्याहून जास्तच उडतं. तिकिटावर जी वेळ असते ती हवेतली नसते हे पण लक्षात ठेवा, विमान जागेवरून हललं तिथपासून पलीकडे जागेवर उभं राहीपर्यंतची ती वेळ.

सगळ्यात जास्त राग मला येतो तो न उडणाऱ्या विमानांच्या वेळा वाचून. ओझर-शिर्डी टाकून बघा. ६८ किलोमीटर, ३५ मिनिटं, असं छान उत्तर देते साइट. अरे पण नाशिकहून शिर्डीला विमानाने कोण जाईल, सिन्नरवरून गाडीने दोन तासात माणूस बाबांच्या दारात असतो, आणि शिर्डी एअरपोर्ट मुळात शिर्डीत नाहीच, ते काकडीला आहे, मंदिरापासून चौदा-पंधरा किलोमीटरवर. बाहेरच्या राज्यातल्या माणसाने ते ३५ मिनिटं वाचलं तर त्याला वाटेल नाशिकला उतरून शिर्डीचं कनेक्टिंग घेऊ. माझ्या ओळखीतल्या एका कुटुंबाला, तेलंगणातले, त्र्यंबकेश्वर आणि शिर्डी दोन्ही करायचं होतं, त्यांनी खरंच असा प्लॅन करून आणला होता. आम्ही त्यांना टॅक्सी करून दिली, वाटेत सिन्नरचं गोंदेश्वर पण बघून झालं त्यांचं.

जळगावचं वेगळं. ओझर-जळगाव २०० किलोमीटर, साइट म्हणते ४५ मिनिटं. डिसेंबर २०१७ मधे उडान योजनेत, म्हणजे छोट्या गावांना स्वस्तात विमानाने जोडायच्या सरकारी योजनेत, एअर डेक्कनचं वीसच्या आत सीटचं बीचक्राफ्ट विमान नाशिक आणि जळगावला येऊ लागलं होतं, मुंबई-नाशिक, मुंबई-जळगाव अशा छोट्या छोट्या उड्या, त्यामुळे तेव्हा लोकांच्या आशा खूप वाढल्या होत्या. ते पुढे टिकलं नाही. आणि मी बसून हिशोब केला तर समजा उद्या नाशिक-जळगाव थेट विमान चालू झालं तरी माझ्या घरून ओझर पाऊण-एक तास, काउंटर बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून तासभर आधी, विमान ४५ मिनिटं, उतरून बॅग घेऊन गावात जायला अर्धा तास. सव्वातीन तास झाले. नाशिकरोडहून ट्रेनने जळगाव अंदाजे तीन तासात येतं, तिकीट किती कमी ते वेगळंच. २०० किलोमीटरच्या आत विमानाचा फायदा मला तरी दिसत नाही, ट्रेन चांगली असेल तर.

बेळगावचा हिशोब मात्र पूर्ण उलटा आहे आणि म्हणूनच मी या रूटसाठी एवढी जीव तोडून लिहिते. थेट विमान असेल तेव्हा घरून ओझर एक तास (द्वारका चौकात अडकलात तर जास्त, आडगावपर्यंत जीव मुठीत), तासभर आधी पोचणं, तासभर विमान, वीस मिनिटं बाहेर पडायला, सांबऱ्याहून टिळकवाडी अर्धा तास, एकूण चार तासाच्या आत. सांबरा गावापासून दहा-अकरा किलोमीटरच आहे, एअरफोर्सचं ट्रेनिंग स्कूल तिथेच, रस्ता बरा. बसने रात्रभर, दहा-बारा तास. ट्रेन म्हणाल तर गोवा एक्स्प्रेस आहे, मनमाडहून पकडायची, नगर-दौंड-पुणे-मिरज करत बेळगाव, म्हणजे आधी नाशिकहून मनमाड गाठायचं आणि मग सगळा दिवस गाडीत. तेव्हा चार तास आणि बारा तास हा जो फरक आहे तो खरा फरक, साइटवरचे एक तास सहा मिनिटं हा फरक सांगत नाहीत.

आता थेट विमान नसेल त्या दिवशी काय होतं ते बघा. बुकिंगच्या साइटवर नाशिक-बेळगाव टाकलं की ते बेंगळुरूवरून नेतात. ओझर-बेंगळुरू सरळ रेघेत ८७० किलोमीटर, तिथून परत उत्तरेला बेळगाव ४४५, म्हणजे तेराशेच्या वर किलोमीटर उडायचं, ४८० किलोमीटरवरच्या गावाला पोचायला! त्यात मधे तीन-चार तास बसून राहणं, कधी रात्रीचा मुक्काम. तेवढ्या वेळात माणूस गाडीने कोल्हापूरला मिसळ खाऊन बेळगावात जेवायला पोचतो. अंतराची साइट यातलं काहीच बोलत नाही, तिथे तीच सुंदर वाकडी रेघ आणि एक तास सहा मिनिटं.

छोट्या रूटचं हे असं का होतं ते पण थोडक्यात सांगते, कारण लोक उगाच एअरपोर्टवाल्यांना शिव्या देतात. उडान योजनेतलं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली उडालं. या योजनेत साधारण तासाभराच्या, ५०० किलोमीटरच्या प्रवासाला काही सीटचं भाडं २५०० रुपयांच्या आसपास बांधून दिलं होतं आणि कंपनीचा तोटा भरून काढायला सरकारकडून तीन वर्षं मदत मिळत होती. आपलं ४८० किलोमीटर त्या ५०० च्या मापात अगदी फिट्ट बसतं. तीन वर्षं संपली की कंपनीने स्वतःच्या पायावर उभं राहायचं, आणि तिथे बरेच रूट गळतात, कारण पन्नास सीटच्या विमानात रोज पन्नास माणसं मिळायला हवीत. म्हणजे रूट टिकवणं थोडं आपल्याही हातात आहे, नाशिकमधे बेळगाव-कोल्हापूर-निपाणी-खानापूरकडची किती माणसं आहेत, सातपूर-अंबडच्या कंपन्यांमधेच केवढी आहेत, पण त्यांच्यापैकी निम्म्या लोकांना असं विमान होतं हेच माहीत नव्हतं.

आणि म्हणूनच माझी या साइटवाल्यांकडे एकच मागणी आहे, त्या रेघेच्या खाली एक ओळ टाका, या रूटवर आज थेट विमान आहे का, असेल तर आठवड्यातून कुठल्या वारी, आणि कुठलं विमान. आठवड्यातून तीन दिवसच विमान असेल तर तुमच्या एक तास सहा मिनिटांचा अर्थच बदलतो, मंगळवारी कोणाचं लग्न असेल आणि विमान रविवारनंतर थेट बुधवारी असेल तर तुम्ही बसनेच जाणार. अंतर काय, ते बदलत नाही, एकदा काढलं की झालं, लोकांना बदलणारी गोष्ट हवी असते.

हे आत्ता लिहायचं अजून एक कारण म्हणजे २०२७ चा सिंहस्थ. देशभरातून लोक नाशिकचं सगळ्यात जवळचं एअरपोर्ट कुठलं हे शोधणार आणि अशाच साइटवर येणार. त्यांच्यासाठी हे घ्या: ओझरहून त्र्यंबकेश्वर रस्त्याने पन्नास किलोमीटरच्या आसपास, सरळ रेघेत ४५, पण वाटेत अख्खं नाशिक शहर पार करायचंय, दीड तास साध्या दिवशीचा धरा. शिर्डीच्या काकडी एअरपोर्टवरून नाशिक रस्त्याने दोन तास. मुंबईला उतरलात तर कसारा घाट चढून किंवा समृद्धीवरून इगतपुरीपर्यंत येऊन नाशिक, साडेतीन-चार तास, मुंबईतलं ट्रॅफिक वेगळं. समृद्धीचा शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ मधे उघडला तेव्हापासून घाटाचा त्रास खूप कमी झालाय, हे पण कुठलीच अंतराची साइट सांगत नाही.

ओझरला उतरणाऱ्यांसाठी शेवटचं. टर्मिनल छोटं आहे, स्वच्छ आहे, पाच-दहा मिनिटात बाहेर पडता येतं, मुंबईसारखं चालत बसावं लागत नाही, वयस्कर माणसांना खूप सोयीचं. पण बाहेर रिक्षांची रांग असेल असं धरू नका, ॲपवरची टॅक्सी जानोरीच्या बाजूला पटकन मिळतेच असं नाही, घरचं कोणी घ्यायला येणार नसेल तर टॅक्सी आधीच सांगून ठेवा आणि ड्रायव्हरला दहावा मैल नावाच्या नाक्यावरून आत यायला सांगा.